मळ्यातील घर : काळीत पांढरी कशी वसवावी?

गावठाणातील जागा अपुऱ्या पडू लागल्या, विहिरीवर वीज आली, बांधापर्यंत गाडी पोहोचू लागली. तेव्हापासून गावात राहून शेत करण्याची जुनी रीत मागे पडून मळ्यातच कायमचे बिऱ्हाड करण्याकडे शेतकरी कुटुंबांचा कल वाढला आहे. आमच्या मते ही गोष्ट इष्टच आहे. धन्याची नजर पिकावर राहते, जनावरांस वेळेवर वैरणपाणी मिळते, आणि जाण्यायेण्यात जाणारा वेळ कामी येतो. परंतु मळ्यात जी नवी घरे उठत आहेत, त्यांपैकी पुष्कळ घरे पाहून समाधान वाटत नाही. पिकाऊ जमिनीच्या ऐन मध्यावर, चहूबाजूंनी उघडे, वर सपाट स्लॅब आणि मावळतीकडे मोठ्या खिडक्या, अशी त्यांची ठेवण असते. वैशाखात आत बसवत नाही म्हणून माणसे लिंबाखाली खाटा टाकून राहतात. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने चालू असतो. सबब मळ्यातील घराचा विचार मुळापासून करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. विवेचन मुख्यत्वे देशावरील, म्हणजे कमी व मध्यम पावसाच्या मुलखास धरून आहे. कोकणासंबंधी जे वेगळे सांगावयाचे, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

घर टिकाऊ आहे की नाही, हे ठरविण्यास आम्ही तीन कसोट्या लावतो. पहिली, त्याने पिकाऊ जमीन खाऊ नये. दुसरी, त्याची डागडुजी घरच्या माणसांस व गावच्या गवंड्या-सुतारास जमिनीवर कर्ज न काढता करता यावी. तिसरी, वादळात वा भूकंपात ते आपल्या माणसांच्या अंगावर कोसळू नये. केवळ जुन्या पद्धतीचे म्हणून घर चांगले ठरत नाही, आणि केवळ सिमेंटचे म्हणून पक्के ठरत नाही. तिन्ही कसोट्यांस उतरेल तेच घर नातवंडांच्या कामी येईल.

१. जागेची निवड

आपल्या पूर्वजांनी गावच्या जमिनीचे काळी व पांढरी असे दोन भाग मानले. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. या विभागणीत मोठे शहाणपण होते. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. जी माती ओल धरून ठेवते म्हणून ज्वारी-कपाशीस मानवते, तीच माती घराच्या पायास दरवर्षी वरखाली हलविते. दारांच्या चौकटी तिरक्या होणे व खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीस तिरपी चीर जाणे, ही त्याची लक्षणे होत.

सबब मळ्यात घर घालावयाचे म्हणजे काळीत पांढरी वसवावयाची आहे, हे ध्यानात ठेवून शेतातील बरड, मुरमाड व किंचित उंच तुकडा प्रथम शोधावा. सातबाऱ्यावर पुष्कळ गटांत ‘पोटखराब’ म्हणून काही क्षेत्र दाखविलेले असते. त्यातील वर्ग ‘अ’चा खराबा, म्हणजे जो स्वभावतःच नापीक आहे, तो घरास, गोठ्यास व खळ्यास उत्तम. वर्ग ‘ब’च्या खराब्यात मात्र रस्ता, पायवाट, ओढा, तळे, स्मशान अशा सार्वजनिक उपयोगाच्या जागा मोडतात, तेथे एक दगडही ठेवू नये. घर, अंगण, गोठा, खळे व गाडीवाट मिळून पाच गुंठे सहज जातात. पाच गुंठे म्हणजे एकराचा आठवा हिस्सा. तो काळीतून तोडला तर त्याचे पीक कायमचे गेले. बरडातून घेतला तर काहीच गेले नाही.

जागा पाहताना आणखी चार गोष्टी पाहाव्या. ओढ्याच्या पुराची मोठ्यात मोठी खूण कोठवर आहे, हे वृद्धांस विचारून त्याच्या वर राहावे. विजेच्या तारांखाली घर घालू नये. ऐन पावसाळ्यात आजाऱ्यास बाहेर नेता येईल अशी वाट असावी. आणि विहीर उंचावर, गोठा व संडास उतारावर राहतील अशी मांडणी जुळावी.

२. कागदपत्रांविषयी

आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली असल्यामुळे याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४१ प्रमाणे शेतजमिनीच्या धारकास आपल्या जमिनीत शेतघर बांधता येते. शेतघर या संज्ञेत अवजारे, खत, वैरण व धान्य ठेवण्याची जागा, जनावरांचा निवारा, तसेच धारकाच्या कुटुंबातील माणसांचे व गड्यांचे राहणे या सर्वांचा समावेश आहे. तथापि महानगरपालिका व नगरपालिका यांच्या हद्दीत आणि त्यांच्या सभोवारच्या ठराविक अंतरात जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. म्हणून पाया खणण्यापूर्वी तहसील कचेरीत व ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

याहून मोठा धोका निराळाच आहे. जमीन भावाभावांच्या सामाईक नावावर असते, तोंडी वाटणीवर वहिवाट चाललेली असते, आणि एक भाऊ आपल्या समजुतीच्या हिश्श्यात घर बांधतो. पुढे वाटणीचा प्रश्न निघाला की तेच घर कज्जाचे मूळ होते. अशा तंट्यांची दप्तरे आम्ही पिढ्यान् पिढ्या चाललेली पाहिली आहेत. याकरिता उक्त अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे आधी रीतसर वाटणी करून घ्यावी व मग घर घालावे. वाटेविषयीही असेच आहे. शेतात जाण्यास दुसऱ्याच्या बांधावरून वाट लागत असेल, तर कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेजाऱ्याच्या आजच्या सलोख्यावर भरवसा ठेवून घर बांधणे दूरदर्शीपणाचे नव्हे.

३. दिशा व वारा

आपल्या प्रांतात उन्हाळ्याचा दोनप्रहरचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सायंकाळी तो तिरपा होऊन पश्चिमेची भिंत भाजतो. हिवाळ्यात मात्र तो दक्षिणेकडे कलून चालतो. या तीन गोष्टींवरून घराची सर्व मांडणी ठरते. घर पूर्व-पश्चिम लांब व दक्षिणोत्तर रुंदीस बेताचे असावे, म्हणजे तापणाऱ्या पश्चिम बाजूस भिंत कमी येते. दक्षिणेस तीन-चार फूट पुढे आलेली वळचण किंवा पडवी ठेवावी. उन्हाळ्यात ती ऊन अडविते, आणि मार्गशीर्ष-पौषात तिरपे ऊन तिच्याखालून आत येऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांस ऊब देते. पश्चिमेस कोठीची खोली, न्हाणीघर, जिना असे भाग घालावे व त्या भिंतीस झरोके लहान ठेवावे. पावसाचा मारा बहुधा पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो. म्हणून त्या बाजूची वळचण सर्वांत पुढे काढावी.

खिडक्या समोरासमोर असाव्या. एकच मोठी खिडकी वारा आत घेते, पण त्यास बाहेर पडण्यास वाट नसेल तर तो खेळत नाही. छपराच्या उंच भागी गरम हवा बाहेर जाण्यास झरोके ठेवावे.

गोठा घराजवळ हवा, पण त्याचा वास घरात येऊ नये. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा व हिवाळी वारा ईशान्य-पूर्वेचा. म्हणून या दोहोंच्या आड न येणारी आग्नेय किंवा वायव्य दिशा गोठ्यास सोईची पडते. कडब्याची गंजी व सरपण मात्र घराला लागून कधीही रचू नये. आगीची भीती तर आहेच, शिवाय उंदरांमागून तेथे सापही येतो.

४. पाया व जोते

आमच्या नोकरीच्या काळात अतिवृष्टीनंतरच्या पडझडीचे पंचनामे आमच्या टेबलावरून जात. त्यांत एक गोष्ट वारंवार आढळे. मातीची भिंत क्वचितच मधून मोडे. ती एकतर पायथ्याशी भिजून बसे, नाहीतर माथ्यावर छप्पर गळून विरघळे. भिंतीचे पाय व डोके कोरडे राहिले, तर माती पिढ्यान् पिढ्या उभी राहते. म्हणून खर्च करावयाचा असेल तर तो जोत्यावर व छपरावर करावा. भिंतीवर काटकसर चालेल.

जोते दगडाचे, चुन्यात अगर सिमेंटात बांधलेले, जमिनीपासून निदान दोन फूट उंच असावे. त्याच्या माथ्यावर ओल व वाळवी वर चढू न देणारा सिमेंट काँक्रीटचा सलग थर घालावा. सभोवती तीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतरती फरसबंदी करून वळचणीचे पाणी चरीने दूर न्यावे. काळ्या जमिनीवाचून गत्यंतर नसेल, तर भेगा जेथवर जातात त्याच्या खाली मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा आणि पायाच्या बाजूंस काळी माती परत न भरता मुरूम भरावा. मुरूम फारच खोल असेल, तर माहीतगार अभियंत्याच्या सल्ल्याने तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवून त्यावर घर उभे करण्याची पद्धत आहे. ती खर्चाची असली तरी दर पाच वर्षांनी भिंती सांधण्यापेक्षा स्वस्त पडते.

५. भिंत, आणि किल्लारीचा धडा

गावची पांढरी माती, जवळचा दगड, गावच्या भट्टीची वीट हे साहित्य वाहतुकीस स्वस्त व दुरुस्तीस सुलभ असते. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची ऊब आत पोहोचते तो रात्र झालेली असते व बाहेरची हवा निवलेली असते. वर्ध्याजवळच्या सेगावी, ज्यास १९४० पासून सेवाग्राम म्हणतात, १९३६ साली गांधीजींकरिता आदिनिवास बांधला गेला. त्यास आसपास मिळणारी माती, बांबू, लाकूड व कवेलू वापरलेली असून ते घर आजही उभे आहे. मात्र वेळच्या वेळी सारवण, गिलावा व कवेलूंची फेरणी झाल्यामुळेच ते उभे आहे, हेही विसरू नये.

परंतु स्थानिक साहित्याची स्तुती करताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरणे म्हणजे मृतांशी प्रतारणा होय. त्या दिवशी किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतील कित्येक गावे भुईसपाट केली व हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंप कडक होता हे खरे; परंतु माणसे मारली ती भिंतींनी व छपरांनी. तेथील भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन पापुद्रे आणि मध्ये चिपा व माती, अशा होत्या. दोन्ही पापुद्र्यांस एकत्र धरणारा दगड नव्हता. वर माळवदाची माती. तीही गळती थांबविण्यास दरसाल नवी टाकून जड झालेली. हादरा बसताच पापुद्रे विलग झाले आणि जडशीळ भार खाली आला. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. दगड व माती अपराधी नव्हती. त्यांची बांधणी सैल होती.

यावरून पुढील नियम घ्यावे. दगडी भिंत जाडीस दीड फुटापेक्षा वाढवू नये. तिच्या आरपार जाणारा लांब दगड उंचीत दर दोन फुटांस व लांबीत दर चार फुटांस अवश्य बसवावा. तसा लांब दगड न मिळाल्यास सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा चालेल. कोपऱ्यांत दगडांची आळीपाळीने गुंफण करावी. जोत्याच्या माथ्यावर व दारा-खिडक्यांच्या माथ्यावर सर्व भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा घालावा. करंड्यास जसा वेतकाठीचा काठ, तसा तो घरास आवळून धरतो. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन-अडीच फूट दूर असाव्या. छपराचा भार हलका ठेवावा. या पट्ट्यांपुरते सिमेंट व लोखंड वापरण्यास मुळीच संकोच नको. त्यांची खरी जागा तीच आहे.

विटेची भिंत घ्यावयाची असेल, तर विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची जी रचना केरळात राहून लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी प्रसृत केली, तीत सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात व पोकळीमुळे ऊनही कमी लागते. मातीच्या भिंतीवर मात्र सिमेंटचा गिलावा करू नये. तो आतील ओल कोंडतो व पापुद्र्यासारखा सुटून येतो. शेण, माती व भुसा यांचा अगर चुन्याचा गिलावाच तिला मानवतो.

६. छप्पर

कोकणात जांभ्या चिऱ्याच्या भिंती, उभ्या उताराचे छप्पर व मंगळुरी कौल ही जोडी पावसास पुरी पडते. या कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली काढला. देशावरही कौलारू छप्पर चांगलेच. परंतु माकडांचा उपद्रव व वादळाचा मारा जेथे आहे, तेथे कौले जाळीवर बांधून बसवावी. पत्रा स्वस्त व हलका खरा. तथापि त्याखाली बांबूच्या तट्ट्याचे आढे घालून मध्ये वीतभर हवेची पोकळी न ठेविल्यास घराची भट्टी होते. स्लॅबच घालणे असेल, तर त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून दरवर्षी होळीनंतर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावे. पांढरा रंग ऊन परतवितो. उघडा काळवंडलेला स्लॅब ते पितो व रात्रभर आत सोडीत राहतो. छपराची दक्षिण बाजू मोकळी ठेवावी. सौर विजेच्या एक किलोवॉट पट्ट्यांस सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते व त्यांपासून दिवसास सरासरी चार युनिट वीज मिळते.

७. पाणी, शेण व सांडपाणी

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. हा हिशेब सोपा असून प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. १०० चौरस मीटरचे छप्पर व वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर ६०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४८,००० लिटर हाती लागते. सहा माणसांस पिण्यास व स्वयंपाकास माणशी ५ लिटर, म्हणजे दिवसास ३० लिटर धरल्यास कोरड्या आठ महिन्यांस, म्हणजे २४० दिवसांस, ७,२०० लिटर पुरतात. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर खोल अशा हौदात ८,००० लिटर मावतात. म्हणजे टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखातही एवढ्याशा झाकलेल्या हौदाने घरच्या बायकांच्या डोक्यावरील हंडा उतरतो. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर सोडावे. पुढचे खडी, वाळू व कोळसा यांतून गाळून घ्यावे. हौद अंधारा व डास शिरणार नाहीत असा बंद असावा. पिण्याचे पाणी उकळावे. उरलेले ४०,००० लिटर गाळून विहिरीच्या शेजारच्या शोषखड्ड्यात सोडावे.

चार-पाच मोठी जनावरे असतील, तर दिवसाचे ५० किलो शेण मिळते. तितक्याच पाण्यात कालवून ते गोबरगॅसच्या संयंत्रात घातल्यास दोन घनमीटर गॅस होतो व साधारण कुटुंबाचा स्वयंपाक निघतो. चूल फुंकणारीचे डोळे व छाती धुरापासून वाचते, आणि बाहेर येणारी मळी शेतास खत म्हणून परत जाते. संडास दोन खड्ड्यांचा करावा. एक भरला की दुसरा चालू करावा. बंद केलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत वास नसलेले खत होते. कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासाचा प्रसार केला, तो याच विचाराने. खड्डे विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर व उतारावर असावे. न्हाणीचे व मोरीचे पाणी केळी-अळवाच्या आळ्यांत खेळवावे.

८. झाडे

घराच्या सावलीची झाडे पाया खणण्यापूर्वी दोन पावसाळे आधी लावावी. घर पुरे होईतो ती डोक्याएवढी होतात. पश्चिमेस निंब व करंज, वाऱ्याच्या तोंडास बांबूचे बेट, अंगणाच्या कडेस शेवगा व कढीलिंब. वड, पिंपळ व उंबर भिंतीजवळ नकोत. त्यांची मुळे जोते उचलतात. काळ्या जमिनीत कोणतेही मोठे झाड त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके घरापासून दूर ठेवावे. मुळे पायाखालची ओल शोषतात व जमीन बसते.

९. खर्चाचा क्रम

घर एका दमात पुरे करण्याचा हव्यास हेच कर्जाचे मूळ होय. प्रथम पाणी व झाडे. नंतर गोठा व संडास. नंतर स्वयंपाकघर, कोठी व दोन खोल्या. आणि पुढे ज्या वर्षी पीक साधेल त्या वर्षी एकेक भाग, असा क्रम ठेवावा. पुढे वाढवावयाचे भाग आराखड्यात आधीच दाखवून त्या बाजूस पाया व सांधे तयार ठेवावे, म्हणजे जोड सैल राहणार नाही. वरवरच्या फरशीत व रंगात पैसा घालण्याआधी पाया, पट्टे, छप्पर व हौद या चार गोष्टी पुऱ्या झाल्या आहेत काय, हे धन्याने स्वतःस विचारावे. फरशी पुढे कधीही बदलता येते. भिंतीत न घातलेला पट्टा मागाहून घालणे फार कठीण.

१०. शेवटची सूचना

जागा ठरली म्हणजे लगेच कुदळ मारू नये. चार खुंट्या मारून एक पावसाळा, एक हिवाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा. पाणी कोठे साचते, वारा कोठून भरतो, सायंकाळचे ऊन कोठवर येते, मुंग्यांची व वाळवीची वारुळे कोठे उठतात, हे घरातील स्त्रियांसह पाहून टिपून ठेवावे, कारण त्या घरात दिवसाचे सर्वाधिक तास त्यांसच काढावयाचे आहेत. खुंट्या चार हात सरकविण्यास काही खर्च येत नाही. बांधलेले घर सरकत नाही. एवढे वर्ष धीर धरणाऱ्यास पुढील पन्नास वर्षे त्या घराविषयी पश्चात्ताप करण्याची वेळ बहुधा येणार नाही, असा आमचा भरवसा आहे.